टोपी कुणाकडे?

आमच्या दादाने वहिनीची खुर्ची तिला न विचारता एका नाटकमंडळाला देऊन टाकली, तिथून हे सगळं सुरू झालं. ते काही सिंहासन नव्हतं हो. एक हात मोडका, गादीतून काथ्या डोकावणारा. पण वहिनी वर्षानुवर्षं तिच्यावर बसून आवाजाचं काम करत आली होती, आणि बाईमाणसाच्या बसायच्या जागेला हात लावण्याआधी विचारावं, एवढी अक्कल पुरुषाला असायला काय हरकत आहे? दादा म्हणाला, जुनी झाली होती. वहिनी म्हणाली, मीही जुनीच झालेय. एवढं बोलून तिने तोंडाला कुलूप लावलं, आणि आपण काय कमी आहोत का, म्हणून दादानेही लावलं.

घरी काय तो अबोला धरा, मी कशाला मधे पडू? पण ही दोघं मिळून रेकॉर्डिंगचा स्टुडिओ चालवतात. चित्राचं सगळं दादाकडे, आवाजाचं सगळं वहिनीकडे, आणि दोन खोल्यांच्या मधे काच. मी दादाची धाकटी बहीण. फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या, पाहुण्यांचं चहापाणी बघायचं, तुटलेल्या केबली सोल्डर मारून जोडायच्या, हे माझं खातं. पन्नाशी उलटली तरी दोघंही मला छोटीच म्हणतात. अबोला सुरू झाल्यापासून माझ्याकडे आणखी एक खातं आलं, निरोप्याचं. दादा म्हणायचा, तुझ्या वहिनीला सांग, दिवा सरकवतोय, तारेला पाय लावू नकोस म्हणावं. वहिनी तिथेच हातभर अंतरावर उभी. मी तिच्याकडे वळून तेच वाक्य परत म्हणायचं. मग ती मला सांगणार, तुझ्या भावाला सांग, मला डोळे आहेत. घरात जेवतानाही तेच. माझ्या डोक्याचं नुसतं भजं झालं होतं.

आता जरा यंत्रांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॅमेरे वेगळे, चित्र टिपणारं यंत्र वेगळं, आवाज टिपणारं यंत्र वेगळं. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं घड्याळ, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच बरोबर. म्हणून यंत्रं रचलेल्या उंच रॅकमध्ये एक छोटा डबा बसवलेला असतो. तो सगळ्यांना एकच ठेका पुरवतो. त्याला आम्ही सिंक म्हणतो. कवायतीच्या मास्तरांनी एक-दोन, एक-दोन म्हणावं आणि सगळ्या पोरांनी पाय मिळवावेत, तसं. हा ठेका डब्यातून निघून केबलीने पहिल्या यंत्रात जातो, त्याच्या पाठीतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. अशी साखळी. आणि साखळीतल्या अगदी शेवटच्या यंत्राच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी एक टोपी चढवायची, म्हणजे ठेका तिथेच जिरतो. काही यंत्रांत टोपीऐवजी खटका असतो. खटका पाडला काय, टोपी घातली काय, काम एकच.

टोपी नसली तर ठेका टोकाला आपटून उलटा फिरतो आणि स्वतःच्याच पायात पाय घालतो. दोन टोप्या लागल्या तर त्या दोघी मिळून तो इतका पिऊन टाकतात, की उरलेला ठेका मलूल होतो, आणि ज्याला तो धड मिळत नाही ते यंत्र मग आपल्याच घड्याळाने चालायला लागतं. मधेच त्याला ठेका सापडतो, मधेच सुटतो. म्हणून एक साखळी आणि एकच टोपी.

आमच्याकडे यासाठी एक पद्धत आहे. रॅकच्या मागे ज्याने हात घातला त्याने मोठ्याने विचारायचं, "टोपी कुणाकडे?" आणि ज्याच्या खोलीत शेवटचं यंत्र असेल त्याने काचेपलीकडून ओरडायचं, "माझ्याकडे." कागदावर काही लिहायचं नाही. दादा-वहिनी लग्नानंतर हा स्टुडिओ उभा करत होते तेव्हापासून हीच हाक. बाहेरच्या माणसाला वाटावं, ह्यांच्याकडे उन्हात जायची तयारी चाललीय.

अबोला ऐन भरात असताना आमच्याकडे रेडिओआजी आल्या. रेडिओवर आयुष्यभर लहान मुलांना गोष्टी सांगितल्या त्यांनी. सत्तरी कधीच मागे पडली, केस पांढरेफेक, चालताना एक गुडघा कुरकुरतो. आवाज मात्र पंचविशीतला. अतिशयोक्ती करत नाही मी. डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, एखादी तरुण मुलगी कठड्यावर बसून पाय हलवत बोलतेय. चाहते घरी यायचे, दार आजी उघडायच्या, आणि येणारा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, त्या आहेत का घरी? एकाने तर फुलं आणून त्यांच्या मुलीच्या हातात दिली आणि आजींना म्हणाला, तुमच्या लेकीने नाव काढलं हो. आजी हे सगळं हसत हसत सांगतात, आणि आम्हीही हसत हसत ऐकलं.

मुलांच्या एका वाहिनीला गोष्ट सांगणारी आजी हवी होती, पडद्यावर, चेहऱ्यासकट. अट एवढीच, नमुन्याची गोष्ट एका दमात सांगायची, कुठेही कापाकापी नाही. आजींनी स्वतः रचलेली घोरणाऱ्या वाघाची गोष्ट सांगितली. वाघ घोरतो म्हणून जंगलात कुणाला झोप नाही, अशी ती गोष्ट. आजी अशा काही घोरल्या की मी हसून गदागदा हलत होते, पण आवाज न करता, कारण रेकॉर्डिंग चालू होतं.

एरवी कुठलंही काम बाहेर पाठवायच्या आधी दादा आणि वहिनी शेजारी बसून ते शेवटपर्यंत बघतात. या वेळी दादाने आपल्या खोलीत आवाज बंद करून चित्र बघितलं. वहिनीने आपल्या खोलीत डोळे मिटून आवाज ऐकला. दोघांनीही मला स्वतंत्र निरोप दिला, उत्तम आहे. आणि मीही शहाणी, दिलं पाठवून.

दोन-तीन दिवसांनी वाहिनीतल्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, शब्द बोचरे. म्हणाल्या, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, पुढे पुढे तर फारच. निवड समितीचं म्हणणं पडलं की वृद्ध बाईंना समोर बसवून कुणा तरुण मुलीचा आवाज चिकटवलाय. मुलांच्या कार्यक्रमात असली लबाडी चालणार नाही.  मी शपथा घेतल्या, त्यांनी ऐकून घेतल्या, एवढंच. शेवटी मी आजींना कळवलं, आणि आजींनी स्वतः त्या बाईंना फोन लावला. तर पलीकडून विचारणा झाली, तुम्ही त्यांच्या सून का, जरा आजींना देता का फोन? ज्या आवाजाचा वाद, तोच आवाज साक्षीला, मग पुरावा द्यायचा कुठून?

बरीच मिनतवारी केल्यावर बाई म्हणाल्या, समिती अमुक दिवशी संध्याकाळी पाचला बसतेय, त्याआधी नवं रेकॉर्डिंग आलं तर बघू. नाहीतर दुसऱ्या आजी ठरलेल्याच आहेत.

त्या दिवशी सकाळी आजी निळा स्वेटर घालून, केस नीट बसवून आल्या. मी त्यांना चहा दिला. कपाला त्यांनी हातही लावला नाही.

"काम मिळो न मिळो," त्या म्हणाल्या. "खोटी ठरून घरी जायचं नाहीये मला."

मी म्हटलं, आजी, बिनघोर राहा. बोलायला माझं काय जातं? आत दादा-वहिनीने आदल्या दिवसापासून दोष शोधायचा सपाटा लावला होता, अर्थात वेगवेगळा. दादाने आपल्या कॅमेऱ्याची केबल बदलली. वहिनीने आपल्या माइकची केबल बदलली. दादाने मला सांगितलं, तुझ्या वहिनीला म्हणावं, अबोल्यातच बसवलेलं ते तिचं नवीन यंत्र तपासून घे. वहिनीने उलट टपाली कळवलं, यंत्र नवंकोरं आहे, जुनं काय काय आहे ते तुझ्या भावाने बघावं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा प्रकार. तेवढ्यात वेळ झाली आणि आजी कॅमेऱ्यासमोर बसल्या.

गोष्ट पहिल्यापेक्षा रंगली. संपल्यावर मात्र मी दादाला आणि वहिनीला दंडाला धरून एकाच पडद्यासमोर बसवलं आणि मी मधे बसले. आजी मागे उभ्या. आवाज आणि चित्र एकत्र लावलं. आमच्याकडे बघायची युक्ती अशी, की म, ब आणि प ला ओठ मिटतात, तेव्हा नजर ओठांवर ठेवायची. सुरुवातीला ठीक होतं. मग एक "म" जरा उशिरा आला. मग एक "प" ओठ उघडे असतानाच फुटला. मधेच सगळं जुळायचं, मला हायसं वाटायचं, की पुन्हा सुटायचं. शेवटी तर आजी तोंड मिटून शांत बसलेल्या आणि वाघ आपला घोरतोय.

एरवी मी हसून लोळले असते. कुणीच हसलं नाही.

"मी समितीत असते तर मीही हेच म्हटलं असतं," आजी म्हणाल्या, आणि हळूच बाहेरच्या खोलीत आपली पिशवी आवरायला गेल्या.

आणि इकडे ह्या दोघांनी काय करावं? दादा भिंतीकडे बघत म्हणाला, छोटे, तुझ्या वहिनीला सांग, तिचं यंत्र सटकतंय. वहिनी छताकडे बघत म्हणाली, छोटे, तुझ्या भावाला सांग, त्याच्याकडून ठेकाच धड येत नाहीये, माझा लॉकचा दिवा, ठेका पकडलाय हे सांगणारा, कालपासून मिचमिच करताना बघतेय मी.

कालपासून. ऐकलंत? दिवा कालपासून मिचमिच करतोय आणि बाईसाहेब ते आज छताला सांगताहेत.

माझं डोकं फिरलं. मोठ्या भावाशी आणि मोठ्या वहिनीशी कसं बोलावं हे मला शिकवलेलं आहे, ते सगळं मी त्या क्षणी विसरले. म्हटलं, मी आता कुणाला काही सांगणार नाही. त्या बाई आयुष्यभर खरं बोलून आज खोट्या ठरून चालल्यात, आणि तुम्हाला खुर्ची पडलीय. म्हातारे व्हायला आलात, लाज वाटू द्या थोडी. असं म्हणून मी दोघांना ढकलत ढकलत रॅकच्या मागे नेलं. ती जागा म्हणजे एवढीशी बोळकांडी. एक माणूस आडवा होऊन शिरतो. दोघं शिरली की नाकाला नाक लागतं, भिंतीकडे आणि छताकडे बघायची सोयच नाही. तोंडाशी मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, बाहेर पडायची वाट बंद. पुढे काय विचारायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. सवयीने जे तोंडात आलं ते मोठ्याने विचारलं.

"टोपी कुणाकडे?"

"माझ्याकडे," दादा म्हणाला.

"माझ्याकडे," वहिनी म्हणाली.

अगदी एका ठेक्यात. कवायतीच्या मास्तरांनी शाबासकी दिली असती.

 दोघं एकमेकांकडे बघत होती. बघणार नाही तर काय करणार, दुसरं काही दिसतच नव्हतं.

"तुझ्याकडे कशी?" दादाने विचारलं. मला नाही, तिला.

"शेवटचं यंत्र माझं. टोपी माझ्याचकडे असणार ना?"

"तुझं जुनं यंत्र काढलेलं होतं. केबल नुसती लोंबत होती. मला वाटलं साखळी आता माझ्यापाशीच संपते, म्हणून मी माझा खटका पाडला."

"अहो, जुनं काढलं ते नवं लावायला. दुसऱ्या दिवशी लावलंच की मी, टोपी घालून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही का नाही मारलीत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन टोप्या, एक दादाच्या यंत्राच्या पोटात आणि एक वहिनीच्या यंत्राच्या पाठीवर, आणि दोघी मिळून बिचारा ठेका पीत होत्या. साखळीच्या टोकाला, वहिनीच्या नव्या यंत्रापर्यंत, त्यातलं जेमतेम काही पोचत होतं. दादाने तिथल्या तिथे हात वळवून आपला खटका उचलला. वहिनीने मान काढून काचेतून आपल्या दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवागार, ठाम. "लागला," ती म्हणाली, आणि दादाने असा सुस्कारा सोडला की तिच्या कपाळावरची बट उडाली. मी वाट मोकळी केली. त्यांना मात्र बाहेर पडायची घाई दिसली नाही, म्हणून मी आजींकडे गेले.

आजी दाराशी पायात बूट चढवत होत्या. मी सरळ खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, दोष तुमचा नाही, यंत्राचाही नाही. नवरा-बायको बोलत नव्हती म्हणून तुमचे ओठ आणि आवाज बोलेनासे झाले. मला वाटलं होतं त्या चिडतील, आणि चिडायचा त्यांना हक्क होता. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला.

"भांडण कशावरून?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीवरून."

त्या जे हसायला लागल्या ते त्यांना बसावंच लागलं. हसतानाही आवाज तोच, मुलीचा. मग म्हणाल्या, चला, पुन्हा घोरते, पण आधी चहा गरम करून आणा, मघाचा गार झालाय.

दुपारी पुन्हा सगळं मांडलं. दादाने दिवे ठीक केले, वहिनीने माइक जवळ ओढला. काचेच्या दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या, थेट, मला मधे न घेता. हा पंखा बंद करा. तो पडदा ओढ. माझे कान इतके सुखावले म्हणून सांगू. आजींनी गोष्ट सांगितली. खरं तर तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना माणूस कंटाळतो. पण आजी अशा काही सांगत होत्या, जणू समोरच्या काचेच्या डोळ्यामागे एकच मूल बसलंय आणि त्याला अजून वाघाचं काही ठाऊक नाही.

या वेळी दादा आणि वहिनी शेजारी बसली आणि मी मागे उभी राहिले. म, ब, प. एकूण एक ओठाला ओठ लागून. वाघ घोरला तेव्हा आजींचे गालसुद्धा त्याच्याबरोबर थरथरत होते. शेवटचा शब्द संपला आणि त्याच क्षणी ओठ मिटले. वहिनी म्हणाली, बरोबर. दादा म्हणाला, बरोबर. मी पाचच्या आत पाठवून दिलं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.

वाट बघायचा आजींना कंटाळा आला. त्यांनी जरा संकोचतच विचारलं, मलाही बघता येईल का? आत्तापर्यंत त्यांनी स्वतःला बोलताना कधी बघितलंच नव्हतं. रेडिओवर कुठे कोण बघतं? आणि सकाळी जे बघितलं ते काही खरं बघणं नव्हे. वहिनीने त्यांना मधोमध बसवलं, दादाने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि गोष्ट पहिल्यापासून लावली.

आजी पुढे झुकून बघत होत्या. थोड्या वेळाने त्या पडद्यावरची नजर न काढता बोलायला लागल्या, हळू, आपल्याशीच बोलावं तशा.

"लोकांना वाटायचं, हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मी हसायचे. पण खरं सांगू? इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कुणी देखणी मुलगी आहे, ती बोलते, आणि मी तिचं दार उघडणारी." त्यांनी पडद्यावरच्या ओठांकडे बोट केलं. "माझ्याच तोंडातून येतो की गं हा."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला नाही, सरळ बाहीने नाक पुसलं. मला तर रडू आवरेना. दादा उगीचच एका बटणावरची धूळ झटकत होता, आणि धूळ तिथे औषधालाही नव्हती.

एवढ्यात फोन वाजला. मी बाहेरच्या खोलीत पळाले. त्याच बाई. समितीने बघितलं, म्हणाल्या. कुणाला काही शंका उरली नाही, उलट एक गृहस्थ वाघ घोरल्यावर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. काम आजींचंच. एक नव्हे, सगळ्या गोष्टी त्यांनीच सांगायच्या. आणि झाल्या प्रकाराबद्दल त्यांना आजींची स्वतः माफी मागायची होती, तर फोन देता का?

मी फोन हातात घेऊन धावतच आत आले. आजी, आजी म्हणत त्यांच्यापुढे धरला. कुणाचा आहे, काय म्हणताहेत, सगळं एका दमात सांगितलं. आजींनी पडद्यावरून नजर काढली नाही. एक हात वर करून त्यांनी मला गप्प केलं.

"त्यांना जरा थांबायला सांग," त्या म्हणाल्या. "मी बोलतेय अजून."

मी बाईंना तसंच कळवलं. त्या थांबल्या. आम्हीही सगळे थांबलो, गोष्टीतल्या जंगलाला झोप लागेपर्यंत.